मुका मार

‘शुद्धीवर आहे, बोलतोय, चहासुद्धा घेतला.’ दुचाकीवरून पडलेल्या माणसाबद्दल घरचे असं सांगतात, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो. मला मात्र या वाक्याची धास्ती वाटते.

16 मार्च 2009 रोजी कॅनडातल्या क्वेबेकमध्ये स्कीइंग करताना ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन पडल्या. वरून जखम दिसत नव्हती. त्या हसतबोलत होत्या, त्यामुळे आलेली ॲम्ब्युलन्स परत गेली. तासाभरात डोकं दुखू लागलं. दोन दिवसांनी त्या गेल्या. वय 45.

असं होतं कसं? कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. हाड तडकून ती फाटली, की रक्त कवटीच्या आत साचू लागतं. पोट फुगलं तर कातडी ताणली जाते. कवटी ताणली जात नाही. सुरुवातीला मेंदूभोवतीचं पाणी आणि शिरांमधलं रक्त सरकून जागा करून देतं. माणूस चहा पितो तो या मुदतीत! ती संपली की दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूच जागा सोडतो. त्याचा एक भाग आतल्या पडद्याच्या कडेवरून खाली घसरतो, डोळ्याची नस चेपतो. त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि बॅटरीच्या उजेडातही आकसत नाही. आणखी दाब वाढला तर लहान मेंदूचं टोक कवटीच्या तळाच्या भोकात रुततं. श्वास चालवणारा भाग तिथेच आहे. मेंदूतली गाठ, मेंदूज्वर, पक्षाघातानंतरची सूज यांतूनही हेच घडतं.

पण कवटीखाली साचलेलं हे रक्त वेळेत काढलं, तर तोच माणूस अनेकदा आपल्या पायांनी घरी जातो. म्हणूनच ‘दमलाय, झोपू दे’ ऐकलं की जीव तुटतो. अशा वेळचं घोरणं गाढ झोपेचंच असेल असं नाही.

डोक्याला टाके घालून घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी मिळते. रात्री काय बघायचं, हे बहुधा लिहून मिळत नाही. तसा मराठीत, ठळक अक्षरांत छापलेला कागद देणं सरकारने प्रत्येक दवाखान्याला सक्तीचं करावं. त्यावर हे असावं: वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झापड, असंबद्ध बोलणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, फिट. यांतलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन व मेंदूचे सर्जन असतील तिथेच न्या. पहिल्या रात्री घरातल्या कुणीतरी जखमीच्या उशाशी बसावं. अधूनमधून हलवून त्याला नाव विचारावं. तो चिडला तरी चालेल.