पानं लिहिणारे पुष्कळ, राखणारा कोण?

मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात डॉक्युमेंटेशन सुधारायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत असतं. वाद सुरू होतो तो कुणी सुधारणेची योजना मांडली की. मग ठरलेले आक्षेप येतात. कोड हेच खरं डॉक्युमेंटेशन. स्वयंसेवकांच्या कामाची योजना करता येत नाही. आधी साधनं बदला, माणसं आपोआप येतील. नाहीतर पैसे उभे करा आणि बाहेरून लेखक आणा. हे म्हणणारी माणसं कामसू आणि प्रामाणिक आहेत, त्यांच्या कोडवर आपले सर्व्हर चालतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर देणं भाग आहे. माझा पक्ष असा: योजना हवीच, पण ती असलेली पानं खरी ठेवण्याची हवी, आणि कुठलं पान कुणाच्या जबाबदारीवर, हे तिच्यात सगळ्यात आधी ठरायला हवं. नव्या पानांचा विषय त्यानंतरचा.

‘कोड हेच डॉक्युमेंटेशन’ हा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित, म्हणून तो आधी घेतो. प्रोग्रॅमने फाइलमध्ये लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही, काही काळ मेमरीतच राहतो. तो खरोखर डिस्कवर उतरला याची खात्री हवी असेल तर प्रोग्रॅमला एफसिंक नावाचा सिस्टिम कॉल करावा लागतो. डिस्कवर लिहिताना चूक झाली की एफसिंक अपयश कळवतं, हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकसकांना अर्थातच ठाऊक होतं. अपयश आलं तर थोड्या वेळाने पुन्हा कॉल करायचा, अशी त्यांच्या कोडची रीत होती. 2018 साली लक्षात आलं, की लिनक्सचा कर्नल एकदा अपयश कळवलं की मेमरीतला तो भाग ‘लिहून झाला’ अशी नोंद करून मोकळा होतो. म्हणजे दुसऱ्यांदा केलेला कॉल यशस्वी ठरायचा आणि मजकूर मात्र डिस्कवर नसायचाच. दुसरी मुक्त स्रोत सिस्टिम असलेलं फ्रीबीएसडी इथे वेगळं वागतं. अपयशानंतरही तो भाग ‘लिहायचा बाकी’ म्हणूनच धरून ठेवतं. पोस्टग्रेसने ही चुकीची समजूत दोन दशकं बाळगली होती. अखेर 2019च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांत धोरण बदललं: एफसिंक फसलं की सर्व्हर सरळ बंद पाडायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा.

या सगळ्या काळात कर्नलचा कोड सर्वांसाठी खुला होता. वाचणारे जगातले निष्णात प्रोग्रॅमर होते, आणि लोकांचा डेटा हाच त्यांच्या कामाचा विषय होता. तरीही ही गोष्ट नजरेतून सुटली, कारण कोड फक्त आज इथे काय घडतं ते सांगतो. तेच उद्या घडेल का, शेजारच्या सिस्टिमवर घडेल का, आणि जे घडतं ते मुद्दाम तसं ठेवलंय की चुकून राहिलंय, यांतलं काहीच कोड सांगत नाही. ते सांगण्याची जागा मॅन्युअल. लिनक्सच्या ‘क्लोज’ या कॉलचं मॅन्युअल पान पाहा. क्लोजने चूक कळवली तरी तो पुन्हा करू नका, असं तिथे स्पष्ट बजावलं आहे. लिनक्सवर फाइलचा क्रमांक तोवर मोकळा झालेला असतो, आणि दुसऱ्या थ्रेडने तोच क्रमांक घेतला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल. ही चार-दोन वाक्यं नसती तर प्रत्येक प्रोग्रॅमरला हा धडा आपापल्या नुकसानीतून शिकावा लागला असता.

स्वयंसेवकांच्या आक्षेपाला फार वेळ द्यायला नको. लिनक्सवर आधारलेलं डेबियन पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालतं आणि तरीही साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढतं. त्याआधी टप्प्याटप्प्याने गोठवणूक होते, कुठल्या तारखेनंतर कुठले बदल चालणार नाहीत हे जाहीर होतं, आणि हजारो पॅकेजं सांभाळणारी माणसं ते पाळतात. प्रत्येक पॅकेजला नाव-गाव असलेला सांभाळणारा असतो, तो गेला तर पॅकेज अनाथ झाल्याची जाहीर नोंद होते. हुकूम कुणी कुणाला सोडत नाही, कामाचे तुकडे मात्र स्पष्ट असतात. पॅकेजच्या बाबतीत हे जमतं, तर मार्गदर्शिकेच्या प्रकरणाच्या बाबतीत का जमू नये, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता साधनांचा मुद्दा. यात तथ्य आहे, आणि ते मी आधीच मान्य करतो. फ्रीबीएसडीची प्रसिद्ध मार्गदर्शिका, ‘हँडबुक’, वर्षानुवर्षं डॉकबुक या लेखन-साच्याच्या टॅगांमध्ये लिहिली जायची. एक स्वल्पविराम दुरुस्त करू पाहणाऱ्या नवख्यासमोरही आधी टॅगांचं रान उभं राहायचं. 2020च्या डिसेंबरात डॉक्युमेंटेशनचा साठा बदलांची नोंद ठेवणाऱ्या सबव्हर्जन या साधनावरून गिटवर आला आणि 2021च्या जानेवारीत सगळी सामग्री ॲस्कीडॉक या सोप्या साच्यात गेली. लिनक्स कर्नलने 2016 साली 4.8 आवृत्तीपासून स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन बनवायचं साधन स्वीकारलं, आणि जुन्या साध्या मजकूर-फायली नव्या रूपात आणायला पुढे कित्येक वर्षं लागली. दोन्ही कामं प्रचंड होती. ज्यांनी ती केली त्यांचे उपकारच आहेत.

पण रूपांतराचं यंत्र वाक्य खरं आहे की खोटं, हे तपासत नाही. दहा वर्षांपूर्वी कालबाह्य झालेला परिच्छेद नव्या साच्यातून देखणा होऊन बाहेर पडतो, आणि देखणा झाल्यामुळे वाचकाचा त्यावरचा विश्वास उलट वाढतो. फ्रीबीएसडीचंच उदाहरण घ्या. नवं सॉफ्टवेअर बसवायला पूर्वी ‘पीकेजी-ॲड’ ही कमांड होती. 2014च्या जानेवारीत 10.0 आवृत्ती आली तेव्हा ती गेली आणि ‘पीकेजी’ आली. त्याआधी 9.0 आवृत्तीत जुना इन्स्टॉलर ‘सिसइन्स्टॉल’ जाऊन ‘बीएसडीइन्स्टॉल’ आला होता. मूळ कोड 2008 साली सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर गेला, 2020 साली गिटवर. पोर्ट्सचा, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर बसवण्याच्या कृतींचा, संग्रह ताजा ठेवणारं ‘पोर्टस्नॅप’ 2023च्या 14.0 आवृत्तीतून काढलं गेलं. यांतल्या प्रत्येक बदलाने मार्गदर्शिकेतलं एखादंच पान खोटं झालं नाही. ती कमांड जिथे जिथे ओझरती आली होती, ती ती जागा खोटी झाली: छपाईच्या प्रकरणात, डेस्कटॉपच्या प्रकरणात, बाहेरच्या असंख्य लेखांत. जुन्या लेखावरून शिकणारा विद्यार्थी ‘पीकेजी-ॲड’ टाइप करतो, ‘अशी कमांड नाही’ असं उत्तर मिळतं, आणि त्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. चूक त्याची नसते. त्याचा एवढा आत्मविश्वास फुकट जातो, याचा मला मनापासून राग येतो. आजकाल हीच शंका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारली जाते. पण यंत्रही याच पानांवर शिकलेलं असतं, तेव्हा शिळं पान तिथूनही शिळंच उत्तर देऊ शकतं.

पैशांचं काय? गूगलच्या ‘सीझन ऑफ डॉक्स’ या उपक्रमाने 2019पासून काही वर्षं मुक्त स्रोत प्रकल्पांना तांत्रिक लेखक मिळवून दिले. 2021पासून प्रकल्पांना थेट अनुदान मिळू लागलं, आणि यश कशावरून मोजणार हे अर्जातच लिहावं लागायचं. ती अट मला फार मोलाची वाटते, कारण तिने प्रकल्पांना आपलं डॉक्युमेंटेशन कुणासाठी आहे याचा विचार करायला लावलं. पण अनुदानाला मुदत असते. लेखक निघून गेल्यावर त्याने लिहिलेलं प्रकरण पुढच्या आवृत्तीला कोण जुळवून घेणार, हे ठरलेलं नसेल तर प्रकल्पाच्या पदरात एक अनाथ पान तेवढं वाढतं. उलट बाजूही खरी आहे. लिनक्सची मॅन्युअल पानं जगभरचे प्रोग्रॅमर रोज उघडतात. 2024च्या सप्टेंबरात ती सांभाळणाऱ्या माणसाने जाहीर केलं, की विनामोबदला हे काम यापुढे जमणार नाही. नंतर काही कंपन्यांच्या मदतीने काम पुन्हा सुरू झालं. पैसा लागतोच. तो नव्या लिखाणाआधी अशा राखणीला मिळाला पाहिजे.

मग योजना कशी असावी? फ्रीबीएसडीच्याच कुळातल्या ओपनबीएसडीकडे पाहा. तिथे चुकीचं मॅन्युअल पान हा कोडमधल्या चुकीइतकाच गंभीर दोष मानतात. प्रोग्रॅमचं वर्तन बदललं तर त्याचं पानही सोबत बदलावं, अशी तिथे अपेक्षा असते. बीएसडीच्या मॅन्युअल पानाची मूळ फाइल उघडली तर वर परवान्याचा मजकूर आणि त्याखाली ‘डीडी’ने सुरू होणारी ओळ दिसते. तिच्यात तारीख असते, मजकुरात खरा बदल झाला की ती बदलायची. पुढे प्रोग्रॅमचं नाव, पर्याय, त्याला द्यायची फाइल, या प्रत्येकाला वेगळी खूण असते. अक्षर ठळक की तिरकं, हे लेखक ठरवत नाही, शब्द कशाचा आहे एवढंच सांगतो. या खुणा बर्कले विद्यापीठात सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी घडवल्या. या खुणांमुळे आज ओपनबीएसडीवर अमुक पर्याय किंवा अमुक चल कुठल्या पानांत आहे, हे अर्थाने शोधता येतं. पान सहसा कोडसोबत त्याच फोल्डरमध्ये राहतं, तारीख अंगावर वागवतं, आणि बदल तपासणाऱ्याच्या नजरेसमोरून जातं. हँडबुकसारखं पुस्तक वेगळ्या साठ्यात राहतं, म्हणून त्याला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. ते योजनेने द्यावं लागतं.

म्हणून फ्रीबीएसडीसारख्या प्रकल्पाने पुढची योजना आखताना एकेक प्रकरण घ्यावं. कोऱ्या मशीनवर ताजी आवृत्ती बसवावी, प्रकरणातल्या कमांड क्रमाने चालवाव्यात, आणि जिथे अडेल ती ओळ नोंदवावी. ही नोंद हाती येण्याआधी नवं एक वाक्यही लिहू नये. जे मॅन्युअल पानात आधीच नीट आहे ते प्रकरणातून काढून टाकावं. काढलेला मजकूर हेही योजनेचं फळ म्हणून मोजावं, कारण कमी मजकूर म्हणजे पुढच्या आवृत्तीला तपासायला कमी ओळी. मग त्या प्रकरणाशेजारी एक नाव आणि शेवटची तपासलेली आवृत्ती लिहावी. नाव सापडलं नाही तर तसं उघड लिहावं, पॅकेजं अनाथ जाहीर होतात तसंच.

आणि काम झालं कधी म्हणायचं? विषय न जाणणारा माणूस फक्त ते पान वाचून काम पार पाडतो तेव्हा. ही कसोटी आपल्याकडे वापरात आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आधी संहिता लिहितात, ती नवख्या माणसाकडून तपासून घेतात आणि मगच ध्वनिमुद्रण करतात. त्याच संहितेवरून मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिला जातो. इथे राखणीचा प्रश्न आणखी तीव्र होतो. मूळ संहितेतली एक कमांड जुनी झाली की सगळ्या भाषांतले धडे एकदम जुने होतात, आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलाजवळ ताडून पाहायला दुसरं साधन सहसा नसतं. मराठीत काय आणायचं याच्या यादीआधी, मूळ बदललं की कुणाला कळवायचं हे म्हणूनच ठरलं पाहिजे.

राहिला मानाचा प्रश्न. फ्रीबीएसडीत कोड, पोर्ट्स आणि डॉक्युमेंटेशन या तिन्हींसाठी बदल नोंदवण्याचा अधिकार वेगवेगळा दिला जातो, आणि डॉक्युमेंटेशनचा अधिकार मिळालेला माणूसही प्रकल्पाचा पूर्ण कमिटर असतो. डेबियनच्या धोरणात प्रोग्रॅमला मॅन्युअल पान नसणं हा दोष म्हणून नोंदवायची गोष्ट आहे. ज्या प्रकल्पांत पानं दुरुस्त करणाऱ्याचं नाव फक्त आभाराच्या यादीत येतं, त्यांनी योजनेचा कागद करण्याआधी हा अधिकार द्यावा. ज्याला प्रत्येक दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते, त्याच्या नावावर प्रकरण टाकून काय उपयोग?