केक, फुगे आणि २.९०१३
हल्ली बऱ्याच ऑफिसांत शुक्रवारी साडेचारला साहेब केक कापतो, एचआरची मंडळी फुगे लावतात आणि पाचच्या मीटिंगमध्ये तोच साहेब सगळ्यांदेखत एखाद्याची बिनपाण्याने करतो. ‘सकारात्मक मानसशास्त्र’ म्हणून जे खपवलं जातं, ते बहुतेकदा एवढंच. माणसाचं काय बिघडतं याच्या जोडीने त्याचं काय बरं चालतं तेही अभ्यासा, असं मार्टिन सेलिगमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष असताना सांगितलं, इथवर ठीक. पण २००५ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्शल लोसाडा यांनी हिशेबच मांडला: माणसाचं बरं चालायचं तर एका नकारात्मक भावनेमागे सकारात्मक २.९०१३ हव्यात. दशांशाची चार स्थळं, म्हणजे किराणा दुकानदारही इतकं काटेकोर मोजत नाही! २०१३ मध्ये निक ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्या हिशेबामागच्या समीकरणांचा फोलपणा उघडा केला आणि गणिताचा भाग मागे घेतला गेला. मला त्यापेक्षा संशोधक एमी एडमंडसन यांचं काम पटतं. नव्वदच्या दशकात त्यांनी इस्पितळांतल्या टीम तपासल्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी निघतील, हा अंदाज सपशेल उलटा पडला; तिथेच नोंदी जास्त होत्या. कारण तिथल्या नर्सला वरिष्ठांकडे जाऊन ‘सिस्टर, डोस चुकला’ म्हणायची धास्ती नव्हती. जिथे होती तिथे चुका झाकल्या जात आणि कागदावर सगळं आलबेल दिसे. असे आलबेल विभाग आपल्या ऑफिसांतही पुष्कळ आहेत. वार्षिक समारंभात ‘बेस्ट टीम’ची ट्रॉफी बहुधा त्यांनाच मिळते.