तळ्याकाठचा तळ

मार्गशीर्ष लागला, खारेपाटातली भाताची झोडणी उरकत आली आणि पेणच्या बाजारात वालाच्या शेंगांची पहिली टोपली दिसू लागली, की डोलवी, गडब, वडखळ या पट्ट्यातल्या घरांमधून मुलांची एकच मागणी कानी येऊ लागते: नाताळच्या सुटीत कुठल्या तरी तळ्याकाठी तंबूत राहायला जाऊ या. पाणी या मुलांना अपरिचित नाही, कारण वडिलोपार्जित शेतांच्या बांधापलीकडे धरमतरची खाडी दिवसातून दोनदा भरते नि दोनदा ओसरते. परंतु एका बाजूस पोलादाच्या भट्ट्यांचा रात्रभर न मावळणारा तांबूस उजेड आणि दुसऱ्या बाजूस गोव्याच्या महामार्गावरील मालमोटारींची अखंड रांग, यांच्या मधोमध वाढणाऱ्या मुलाला खरा काळोख कसा असतो आणि त्या काळोखात आकाश किती भरून येते हे पाहण्याची ओढ लागावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. या स्तंभातून कुटुंबाच्या प्रवासांविषयी लिहू लागल्यापासून या ऋतूत मला जी पत्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांत एकच पृच्छा असते की, तळ कोणता निवडावा. तिचे उत्तर आज विस्ताराने देतो.

मराठीत ‘तळ’ या एका शब्दाने दोन वस्तूंचा बोध होतो. फौजेने किंवा काफिल्याने जेथे राहुट्या ठोकून मुक्काम केला ती जागा म्हणजे तळ, आणि पाण्याखाली जी भूमी असते तीही तळच. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले याचा निर्णय व्युत्पत्तीच्या पंडितांनी करावा. परंतु पाण्याखालचा तळ ज्याने जाणून घेतला नाही, त्याने काठावरचा तळ निवडू नये, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण असे की, ज्यांना आपण तळी म्हणतो आणि ज्यांची छायाचित्रे पाहून मुले हरखून जातात, ते सह्याद्रीच्या माथ्यावरील बहुतेक जलाशय निसर्गाने निर्मिलेले नाहीत. ती धरणे बांधून अडविलेली पाणी आहेत. आपल्या जिल्ह्याचा आणि या पाण्यांचा संबंध तर शतकाहून जुना. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून कडा उतरून खोपोलीस आले आणि १९१५ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा, अशी टाटांची आणखी दोन वीजगृहे घाटपायथ्याशी उभी राहिली. भिऱ्याचे पाणी मुळशीच्या धरणाचे. जे धरण होऊ नये म्हणून मावळच्या शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह आरंभिला, ज्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली, आणि जो लढा हरल्यावर पिकाऊ भातखाचरे, घरे व देवळे यांसह गावेच्या गावे पाण्याखाली गेली, त्याच धरणाचे पाणी आजही भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते आणि कोलाड, रोहे करीत रेवदंड्याच्या खाडीस मिळते. म्हणून पेण-रोह्याचा मनुष्य घाट चढून जेव्हा ही पाणी पाहावयास जातो, तेव्हा तो परक्या मुलखात जात नाही. आपल्याकडे वाहत येणारे पाणी ज्यांच्या अंगणावरून येते, त्यांच्या दारी तो जातो.

येथे खाडीकाठच्या माणसाकडून एक चूक हटकून होते. ती मीही केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. खाडीचे पाणी आपल्याला बोलून दाखविते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग, भरती केव्हा लागेल आणि ओहोटी केव्हा, हे आपल्याकडे पोरेसोरेही तिथीवरून सांगतात. खारबंदिस्तीला खांड पडली तर पाणी कुठल्या शेतात शिरेल आणि उघाडी केव्हा उघडावयाची, हे ज्ञान पिढीजात आहे. अशा माणसास घाटावरचे निश्चल, निळे पाणी पाहिले म्हणजे ते निरुपद्रवी वाटते, आणि तो मुलांना खुशाल त्यात उतरू देतो. वास्तविक त्या पृष्ठभागाखाली काय आहे? बुडालेल्या शेतांचे बांध आहेत, म्हणून गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल एकाएकी गळ्याइतक्या पाण्यात पडते. न बुजविलेल्या विहिरी आहेत. घरांची जोती आहेत, झाडांचे बुंधे आहेत, मूळ नदीचे खोल पात्र आहे, आणि या सर्वांवर वर्षानुवर्षे साचलेला, पाय धरून ठेवणारा गाळ आहे. भरती-ओहोटी नसलेले हे पाणी कसलीच सूचना देत नाही. वाहत्या पाण्याचे भय तर निराळेच: ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाहता पाहता वाहून गेले, आणि काठावरच्या जमावाला त्यांच्याकडे पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही. म्हणून कुटुंबासाठी पहिला नियम असा की, पाणी पाहावयाचे, त्यात उतरावयाचे नाही. आणि होडीत बसावयाचे तर प्रत्येकाच्या, पोहता येणाऱ्याच्याही, अंगात जीवरक्षक जाकीट हवे.

जागा कोणती, या प्रश्नाकडे आता वळतो. सर्वांत जवळचे हेटवणे. ते आपल्याच तालुक्यातले आहे. तेथील पाणी नवी मुंबईपर्यंत पिण्यास जाते. अशा साठ्याच्या कडेला राहुट्यांची गर्दी होऊ नये, असे मला वाटते. दिवसा लांबून पाहून यावे आणि पुढे विनोबांच्या गागोद्यास जावे, म्हणजे सहल सार्थकी लागेल. कोलाडला कुंडलिकेच्या काठी तंबूंची सोय आहे आणि तेथे वाट वाकडी न करता जाता येते. परंतु भिऱ्याहून पाणी सुटले की नदीची पातळी चढते, त्याच पाण्यावर तेथील तराफ्यांचा खेळ चालतो, आणि म्हणून ज्या तळावरचा मनुष्य पाणी सुटण्याची वेळ व काठावरची चढाची खूण बोट ठेवून दाखवू शकत नाही, तेथे लहान मुलांसह निजू नये. नदीकाठ आणि रात्र यांचा मेळ आपल्या जिल्ह्यात कसा अनर्थकारी ठरू शकतो, हे १९८९ च्या जुलैत आंबा नदीने जांभूळपाड्यास दाखविले आहे. पावसाळ्यात नदीकाठी मुक्काम हा विषयच माझ्या लेखी संपलेला आहे. भंडारदरा रमणीय खरा. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले, कळसूबाईचे शिखर तेथून हाकेच्या अंतरावर वाटते, आणि मेअखेरीस काजव्यांनी झाडे अक्षरशः पेटतात. परंतु डोलवीहून तो पल्ला म्हाताऱ्या माणसांस एका दिवसाचा नव्हे. उरते पवना.

पवनेचे धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी झाले. पेणहून खोपोली, तेथून घाट चढून लोणावळे, आणि पुढे दुधिवऱ्याच्या खिंडीने उतरले, की लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार गडांच्या मधोमध ते पाणी पसरलेले दिसते. शिवकाळी बोरघाटाच्या वाटेवर पहारा करणारे हे गड पाण्यात आपली प्रतिबिंबे पाहत उभे असतात, आणि गेली काही वर्षे त्यांच्या पायथ्याशी शेकडो रंगीत तंबू उभे राहू लागले आहेत. आम्ही पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा केवळ छायाचित्रे पाहून जागा मुक्रर केली. प्रत्यक्षात तंबू पाण्यापासून दहा पावलांवर होते. चाळीस माणसांस एक शौचकूप, आणि त्याचा निचरा उताराने थेट पाण्याकडे. उत्तररात्रीपर्यंत ध्वनिवर्धकाचा घणाघात चालला होता. माझी आई रात्रभर बसून राहिली, आणि ज्या आकाशासाठी एवढा खटाटोप केला ते मुलांनी झगमगत्या दिव्यांमुळे पाहिलेच नाही. पहाटे पाण्याशी गेलेला माझा पुतण्या मांडीपर्यंत गाळात रुतला; जवळच गुरे पाजणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी काठी पुढे करून त्याला ओढून काढले. नंतर ते शांतपणे म्हणाले, “बाळा, तिथं आमची विहीर हाय. त्या अंगाला जाऊ नगं.”

‘विहीर होती’ असे ते म्हणाले नाहीत, ‘हाय’ म्हणाले. त्या एका क्रियापदाने मला जे शिकविले ते अनेक मार्गदर्शक पुस्तकांनी शिकविले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की, पाण्यावर राहिलेल्या आपल्या थोड्याशा जमिनीच्या तुकड्यावर, ठाकुरसाईच्या बाजूस, ते आणि त्यांचा मुलगा हंगामात चार राहुट्या लावतात. दुसऱ्या वर्षापासून आमचा मुक्काम तेथे असतो.

त्या अनुभवावरून काही गोष्टी आग्रहाने सांगतो. जागा ठरविण्यापूर्वी ती कोणाच्या नावे आहे हे विचारावे. धरणाचे बुडीत क्षेत्र सरकारचे. त्यावर पाणी ओसरताच राहुट्या ठोकणाऱ्याचा त्या जागेवर हक्क नसतो, आणि उद्या पाटबंधारे खात्याचा हुकूम आला तर मुलाबाळांसह रात्री उठावे लागते ते आपल्याला. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे असा खातेदार हा प्रश्न ऐकून रागावत नाही, उलट अभिमानाने उतारा दाखवितो. शौचकूप पक्के, चढाच्या बाजूस आणि पाण्यापासून दूर हवे, कारण पवनेचे पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांत पिण्यासाठी जाते. आपण ज्या पाण्याची शोभा पाहण्यास गेलो ते मलिन करून परतणे हे अतिथीचे वर्तन नव्हे. वृद्धांसाठी तंबूचा हट्ट धरू नये. यजमानाच्या घराच्या ओसरीवर एक बाज आणि एक उबदार गोधडी मिळाली, तर आजी नातवंडांहून अधिक आनंदाने रात्र काढते.

थंडीविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण खाडीच्या दमट हवेत वाढलेल्या आपल्या शरीराला मावळातल्या पौषाची कल्पना नसते. मध्यरात्रीनंतर दहिवराने तंबूचे कापड भिजते आणि गारठा जमिनीतून वर येतो. म्हणून अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचे जाड अंथरूण महत्त्वाचे. या थंडीस भिऊन काही जण कोळशाची शेगडी तंबूत घेऊन निजतात. हे कदापि करू नये. बंद कापडात धुमसणाऱ्या कोळशाच्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसास तो जागे होण्याची संधी देत नाही. शेकोटी बाहेर, उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी. निजण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओतून ती विझविलेली स्वतः पाहावी.

असा खातेदार यजमान निवडण्यामागे सुरक्षिततेइतकेच दुसरेही कारण आहे, आणि मला ते अधिक जवळचे वाटते. पवना धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतील कित्येक खातेदार पर्यायी जमिनीसाठी दशकानुदशके सरकारदरबारी खेटे घालीत राहिले. आणि पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. ऑगस्ट क्रांतीचा तो दिवस. ज्या पाण्यामागे एवढा इतिहास आहे, त्याच्या काठी येऊन आपण जो पैसा खर्च करतो तो शहरातल्या मक्तेदाराच्या हाती न जाता, ज्याचे शेत त्या पाण्याखाली आहे त्याच्या घरी जावा, हे मला औदार्य वाटत नाही. ते देणे आहे. खारेपाटाने तर हे सहज ओळखावे: डोळ्यांसमोर अथांग पाणी आणि डोक्यावर मात्र रिकामा हंडा, ही स्थिती आपल्या वाशी-वढाव भागातील माउल्यांनी किती उन्हाळे भोगली आहे!

गेल्या पौषात आम्ही वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला डोलवीहून पोत्यात भरून नेला होता. मातीचे मडके आधी पाल्याने, मग शेंगा, बटाटे, अंडी आणि ओव्याने भरले, तोंड पुन्हा पाल्याने घट्ट केले, ते उपडे ठेवून भोवती गवतकाड्या पेटविल्या. आणि पोपटीचा तो कडवट सुवास पसरला तेव्हा यजमानांच्या वृद्ध पत्नी ओसरीवरून उठून आल्या. त्यांच्या मुलखात पोपटी नाही. त्यांनी शेंग सोलली, दाणा खाल्ला, पाल्याचे एक पान हातावर चोळून हुंगले आणि हा पाला कुठे उगवतो म्हणून माझ्या आईला विचारले. मग दोघी म्हाताऱ्या बराच वेळ आपापल्या गावांतल्या पाण्याविषयी बोलत बसल्या. मुले पाठीवर निजून मृग नक्षत्राचा बाण शोधीत होती. मध्येच थोरल्याने आजोबांना विचारले की, तुमचे गाव कुठे होते; तेव्हा त्यांनी उठून, काळोखात, काठीने पाण्याच्या दिशेने एक एक जागा दाखविली: ही वाट, हे खळे, हा पार, ती विहीर. पाण्यात काहीच दिसत नव्हते, तरी मुले त्या काठीच्या टोकाकडे एकटक पाहत राहिली.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेले वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते, त्याचे जुने चिरे कोरडे होतात आणि लोक पायी तेथवर जातात. यंदा तेव्हा या, मी वाट दाखवीन, असे आजोबांनी मुलांना सांगितले आहे. मी आजच रजेचा अर्ज दिला.

— डोलवीकर