दुखतंय का हो तुम्हाला?

भिगवण म्हटलं की पुण्यातल्या तरुण पब्लिकला काय आठवतं? फ्लेमिंगो! शनिवारी पहाटे चारला उठायचं (एरवी ऑफिससाठी आठलाही डोळे उघडत नाहीत, ती गोष्ट वेगळी), सोलापूर हायवे धरायचा, कुंभारगावला नाहीतर डिकसळला होडी ठरवायची आणि उजनीच्या बॅकवॉटरमध्ये गुलाबी पंखांचे फोटो काढत बसायचं. परतताना चिलापी फ्राय. सोमवारपर्यंत डीपी बदललेला.

पण मनिला, तेहरान, मेक्सिको सिटी अशा ठिकाणी काही मंडळी आहेत, ज्यांना भिगवण हे नाव पक्कं माहीत आहे आणि फ्लेमिंगोंशी त्यांना काही घेणं-देणं नाही. ही मंडळी संधिवाताचे डॉक्टर आहेत. त्यांच्या लेखी भिगवण म्हणजे एका सर्व्हेचं नाव. १९९६ मध्ये झालेला हा सर्व्हे ज्यांनी केला, ते डॉ. अरविंद चोप्रा या आठवड्याचे आपले हीरो.

आधी ही भानगड काय ते सांगते. रूमॅटॉलॉजी ही मेडिसिनची एक शाखा. यात येतात ते सांधे, स्नायू आणि बरेचसे ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते ते. सोसायटीच्या वॉचमनने चोर सोडून तुम्हालाच गेटवर धरावं आणि मग रोज धरावं, तसं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये ही फौज सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते. ल्युपसमध्ये कातडीपासून किडनीपर्यंत कुठेही. म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार वेगळा. हा तिशी-चाळिशीत गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त.

आणि या शाखेला ग्लॅमर शून्य. हृदयाचा डॉक्टर स्टेंट घालतो, हाडांचा डॉक्टर गुडघा बदलतो, घरचे पेढे वाटतात. रूमॅटॉलॉजिस्ट काय करतो? तुमचे २८ सांधे एकेक करून दाबतो आणि विचारतो, ‘इथे दुखतंय? इथे?’ हे दाबायला शिकण्यासाठी एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, वर डीएमची आणखी तीन. बेरीज करा. तोपर्यंत बरोबरीच्या एमबीएवाल्याचा दुसरा फ्लॅट बुक झालेला असतो. शिवाय पेशंटला हा डॉक्टर असतो हेच माहीत नसतं. सांधा दुखला की लोक हाडवैद्याकडे जातात, ऑर्थोपेडिककडे जातात, मेडिकलवाल्याकडे जातात. इथे पोचतात ते सगळ्यात शेवटी.

डॉ. चोप्रा लष्करातले डॉक्टर. पुण्याचं एएफएमसी हे त्यांचं कामाचं ठिकाण. १९८८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक पेपर ब्रिटिश जर्नल ऑफ रूमॅटॉलॉजीत आला. विषय होता, भारतीय माणसांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दिसतो कसा? आज हा प्रश्न साधा वाटेल. पण त्या काळातली पुस्तकं होती इंग्लंड-अमेरिकेची. त्यांतले पेशंट गोरे, त्यांचं हवामान थंड, त्यांचं घर वेगळं. आपल्याकडे हा आजार फारसा नसतोच, असं मानणारेही कमी नव्हते. मोजलंच नाही तर असणार कसा, नाही का?

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. ए. एन. मालवीय आणि त्यांच्या टीमने उत्तरेतल्या खेड्यांत मोजून १९९३ मध्ये आकडा छापला : प्रौढांमध्ये ०.७५ टक्के. म्हणजे आजार होता, चांगला घसघशीत होता. महाराष्ट्राचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता इथे डॉक्टर आणि संशोधक यांच्या वाटा वेगळ्या होतात बघा. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला कोण दिसतो? जो आला तो. ज्याच्याकडे एसटीचे पैसे होते, रजा होती, सोबत यायला मुलगा होता. जो आला नाही तो त्याच्या आकडेवारीत नाही. हॉस्पिटलच्या रजिस्टरवरून समाजाचं दुखणं मोजायचं म्हणजे मल्टिप्लेक्सच्या रांगेवरून शहराचा पगार ठरवायचा.

यावर एक जागतिक तोडगा होता. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम काढला होता. कल्पना अगदी मध्यमवर्गीय : महागडी मशीन नकोत, मोठं बजेट नको. वस्तीतलीच माणसं तयार करा, दारोदारी जा आणि विचारा, ‘दुखतंय का हो तुम्हाला?’ ज्यांचं दुखतं त्यांना पुढचे प्रश्न. त्यातून उरतील त्यांना तज्ज्ञ डॉक्टरने तपासायचं. तीन टप्पे.

चोप्रांनी पुण्यात सेंटर फॉर रूमॅटिक डिसीजेस उभं केलं आणि कॉपकॉर्डसाठी भिगवण निवडलं. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, त्या वेळी वस्ती सुमारे सहा हजार. एरवी तीन टप्पे एकामागून एक व्हायचे. पहिला संपेपर्यंत गावातली निम्मी माणसं शेतावर, कामावर, लग्नाला. इथे तिन्ही टप्पे समांतर चालवले. प्रशिक्षित स्वयंसेवक पुढे घरं घेत जाणार, मागून डॉक्टर तपासत येणार. कागदावर माणसाचं चित्र असायचं, दुखतं तिथे खूण करायची. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही बोट ठेवून दाखवता येईल असं. पुढे बऱ्याच ठिकाणी सर्व्हे याच पद्धतीने झाले, म्हणून ते तेहरानवाले भिगवणचं नाव घेतात.

निकाल? ४,०९२ प्रौढांना विचारलं. ७४६ जणांना सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. टक्केवारी १८.२. जवळपास दर पाच-सहा माणसांमागे एक! ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे दोनशे माणसांत एक. ऐकायला किरकोळ. पण एक लाख प्रौढांचा तालुका धरा, पाचशे पेशंट झाले. आणि तालुक्यात या आजाराचे डॉक्टर किती? बरोबर ओळखलंत.

मला या सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टीम आकडे घेऊन पसार झाली नाही. नाहीतर सर्व्हेवाले येतात, फॉर्म भरतात, चहा पितात, गायब होतात. भिगवणमध्ये ज्यांचं दुखत होतं त्यांना पुढेही तपासत राहिले, औषधं, व्यायाम, माहिती देत राहिले. यातून चांगलं सायन्सही होतं. एकदा भेटून आजार आहे की नाही एवढंच कळतं. तो कसा चालतो हे कळायला वर्षानुवर्षं त्याच दारात जावं लागतं.

२००६ आठवतंय? चिकनगुनिया! महाराष्ट्रात घराघरात माणसं वाकून चालत होती आणि ‘हे दुखणं आयुष्यभर राहतं’ अशी भीती सगळीकडे. त्या वेळी याच टीमने सोलापूर जिल्ह्यातल्या बावी गावात साथ चालू असतानाच घरोघर नोंदी केल्या आणि तीच माणसं दोन वर्षं तपासली. बहुतेकांचं दुखणं हळूहळू गेलं. थोड्यांचं राहिलं, त्यातही खरा सूज येणारा संधिवात अगदी मोजक्यांना. फक्त क्लिनिकमध्ये बसलं असतं तर उलटं चित्र दिसलं असतं, कारण बरा झालेला माणूस डॉक्टरकडे जाईल कशाला?

आता तुम्ही म्हणाल, मोजून काय होतं, औषध आहे का? आहे, आणि हीच या शाखेची सगळ्यात मोठी बातमी आहे. मेथोट्रेक्सेट हे जुनं, स्वस्त औषध आजही पहिली पसंती आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून लोक रोज घेतात आणि रक्तपेशी घसरून जिवावर बेततं, म्हणून प्रिस्क्रिप्शनवर वार लिहून घ्या. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गोळी आधीच थांबवावी लागते. आणि मुली, पुरुषमंडळी, दोघंही हे वाचा.

दुसरी बातमी लंडनची. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ नावाच्या एकाच रेणूला अडवलं तर सांध्याची सूज उतरते का, हे १९९२ मध्ये २० पेशंटवर करून पाहिलं. उतरली. २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला आणि आज बायोलॉजिक नावाने जी महाग इंजेक्शनं येतात त्यांची ही सुरुवात. आपल्याकडे मात्र त्यात एक मेख आहे. हाच टीएनएफ शरीरात झोपलेल्या टीबीला कोंडून ठेवतो. तो अडवला की टीबी जागा होऊ शकतो. म्हणून इंजेक्शनआधी टीबीची तपासणी.

पण औषध कितीही भारी असो, पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं तर त्याचा खरा फायदा. सांधा एकदा खाल्ला गेला की परत येत नाही. त्यामुळे दिवसभर माऊस चालवून मनगट दुखणं वेगळं आणि सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली, दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, अंगठी निघत नाही, असं सहा आठवडे चालणं वेगळं. दुसऱ्यासाठी रूमॅटॉलॉजिस्ट गाठा. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका, बऱ्याच पेशंटचा तो निगेटिव्हच असतो.

आजार किती वाढलाय हे मोजायला एक प्रश्नावली वापरतात. मूळची अमेरिकन, १९८० ची. त्यात विचारतात, दुधाचा नवा खोका उघडता येतो का? बाथटबमध्ये बसता येतं का? व्हॅक्युम क्लीनर? आपल्या आज्यांना हे विचारून बघा! २००२ मध्ये एम्सच्या डॉक्टरांनी तिचं भारतीय रूप केलं : उकिडवं किंवा मांडी घालून बसता येतं का, रिक्षात चढता-उतरता येतं का, भाजी बाजारात जाता येतं का, नळ उघड-बंद करता येतो का, तीन किलोमीटर चालता येतं का.

एका स्टोरीसाठी रामनवमीच्या यात्रेला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला गेले होते, तेव्हा ही यादी माझ्या बॅगेत होती. बंजारा समाजाची काशी ती, संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. चैत्राचं ऊन, लाखभर माणसं, बसायला सावली नाही. पाण्याच्या टाकीपाशी चाळिशीची एक बाई भेटली, नुकतीच ऊसतोडीहून परतलेली. हाताकडे लक्ष गेलं. बोटं मुळापासून करंगळीच्या दिशेने झुकलेली, मनगटं फुगलेली, बांगड्या नाहीत.

“दोन वर्षं झाले काढल्या त्याले. मग चढल्याच नाही,” ती म्हणाली. “सकाळी बोटं वळतच नाही ताई. भाकर थापाले बसलं की रडू येते. डॉक्टरनं सुई मारली की आठ दिवस बरं वाटते.”

मी डॉक्टर नाही. पण यादी काढली आणि विचारायला लागले. मांडी घालून बसता येतं? “येते, उठता येत नाही.” तीन किलोमीटर? “चालाले काय होते? चालतच तं आली.” रिक्षात चढता येतं? “हात द्या लागते कोणीतरी.” नळ उघडता येतो?

ती माझ्याकडे बघून हसली. “नळ कुठं हाये आमच्या तांड्यात? हापशी हाये. थे पोरगी मारते.”

भिगवणच्या दारात कोणीतरी गेलं, बावीच्या दारात गेलं. या तांड्याच्या दारात अजून कोणी प्रश्नावली घेऊन गेलेलं नव्हतं. मी वहीचा कागद फाडून त्यावर लिहून दिलं : अकोला, सरकारी मेडिकल कॉलेज, मेडिसिनची ओपीडी, सांध्यांच्या सुजेबद्दल विचारा. तिने कागद कांचळीत ठेवला आणि एकच गोष्ट विचारली.

“एका दिवसात होते का ताई थे काम? का दोन रोज बुडतीन?”