पार्सल आणि पावती

लेक दहावी पास झाली म्हणून दिंडोशीत नव्याने उघडलेल्या चायनीज हॉटेलातून पार्सल आणले. मंच्युरियन म्हणजे कच्च्या मैद्याचे लाल गोळे! पोरांची तोंडे उतरली. हा पदार्थ चीनचा नव्हेच. १९७५ साली मुंबईतच नेल्सन वांग यांनी तो केला, असे सांगतात. मग मुंबईतच तो असा का?

"गप खा," आमचे आबा म्हणाले. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांचा कप वेगळा, बाहेर ठेवलेला. लेक म्हणाली, "आबा, १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते आपण गप्प बसावे म्हणून नव्हे!"

पावती घेऊन तीच गेली. मालकाने निम्मे पैसे परत केले. बंधू-भगिनींनो, पैसे मोजताना पावती मागा, आणि मुलींना बोलू द्या.