ब्रिटिश शाळा : निव्वळ मिरवणं नव्हे



परदेशी राहणारे लोक मुलांना ब्रिटिश शाळेत मिरवण्यासाठीच घालतात, असं गेल्या अंकातल्या पत्रात वाचलं. मिरवणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण माझा पुतण्या दुबईत नोकरीला. पुढची बदली कुठं, हे त्यालाच ठाऊक नसतं. केंब्रिजचा अभ्यासक्रम देश बदलला तरी बहुतेक तोच राहतो. दुबईतल्या खासगी शाळांचे सरकारी तपासणी अहवाल कुणालाही वाचता येतात. जाहिराती बाजूला ठेवून त्यानं तेच वाचले.

खरी पंचाईत परतताना झाली. नातीच्या दाखल्यावर 'इयर फोर' पाहून इथल्या कारकुनानं चौथी झाली असं धरून तिला पाचवीच्या यादीत घातलं. अहो, इयर फोर म्हणजे आपली तिसरी! शिवाय कर्नाटकात २०१५च्या कायद्यानं कन्नड सक्तीचं. पोरगी अजून 'ळ' गिरवतेय, तोही उलटा. पुढं ए-लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीला, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. इकडे डॉक्टर व्हायचं तर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, तिन्ही लागतात.

परतायचा विचार असलेल्यांनी फी विचारण्याआधी हे विचारावं, आणि सुट्टीत पोरांना कन्नड बाराखडी शिकवावी.

– एक आजोबा, मैलूर, बीदर