बाटलीतलं आंबवण

इंदूरच्या आपल्या समाजात कोणाला कॅन्सर निघाला, की आठवड्याभरात त्या घरी काळपट पाण्याची एक बाटली पोचते. जडीबुटींचा आंबवलेला अर्क. प्रतिकारशक्ती वाढते म्हणे, गाठ विरते म्हणे. देणारी मनाने चांगली असते, म्हणून कोणी नाही म्हणत नाही. मी म्हणते.

आधी घरचंच बोलू. कालचं लोणचं आपल्याला चालत नाही, मध नाही, चलित रस तर नाहीच. मग महिनाभर भांड्यात फसफसलेलं हे कसं चालतं? आसव-अरिष्ट म्हणजे तेच हो! वनस्पतीचा रस किंवा काढा घ्यायचा, गूळ आणि धायटीची फुलं घालायची, तोंड लिंपून ठेवायचं. गुळाचं मद्य होतं, आणि त्या मद्यातच वनस्पतीचा अर्क उतरतो. दुकानातल्या अशोकारिष्टाच्या लेबलावर मद्यार्काचं प्रमाण छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. घरगुती बाटलीवर तेवढंही नसतं. मद्य हे कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 सालीच सांगितलं. दोन चमच्यांनी कोणाला कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही. पण आपली मर्यादा फक्त पाहुण्यांपुढे पाळायची का?

बरं, 'प्रतिकारशक्ती' म्हणजे काय? कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते, आपलीच बिघडलेली असते. शरीराचे पहारेकरी तिला ओळखतच नाहीत, किंवा तीच त्यांना थोपवून धरते. तो लगाम सोडवायचा कसा हे शोधणाऱ्या ॲलिसन आणि होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. ते काम काढ्याने होत नाही. वनस्पतीत काही नसतं असंही नाही. सदाफुलीतून व्हिंक्रिस्टीन निघालं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात. पण शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून. म्हणून कोणी सदाफुलीची पानं चावू नयेत.

उलट किमो चालू असताना पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. तेव्हा न गाळलेलं, जिवंत जंतूंचं आंबवण पोटात घालणं म्हणजे उघड्या दारात चोराला बोलावणं. यकृताचं वेगळंच. कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. किमोची बरीच औषधं त्याच यकृतातून जातात.

2024 मध्ये सिद्धूंनी पत्नीच्या कॅन्सरचं श्रेय कडुलिंब-हळदीला दिलं. तेव्हा टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी तज्ज्ञांना निवेदन काढून सांगावं लागलं, की बाई, उपचार थांबवू नका. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि किमो झालीच होती! आपल्याकडेही तसंच होतं. किमोने गाठ आकसते, नाव बाटलीचं होतं. 1954 च्या कायद्याने कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. म्हणून बाटलीवर काही लिहीत नाहीत, कानात सांगतात.

जिच्या घरी बाटली आली आहे तिने ती पुढच्या तपासणीला पिशवीत घालून न्यावी आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. आणि जिला काही द्यायचंच आहे तिने सूर्यास्ताआधी गरम मुगाचं वरण न्यावं, रेडिएशनच्या रांगेत तिच्यासोबत बसावं. तिथे बसायला कोणी मिळत नाही.